क्लॅरोनेटच्या पत्त्यांची डबी

आमच्या घरच्या माणसाला एक डबी पसंत करायला लावणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. पोरीसाठी स्थळ बघताना एवढा ताप झाला न्हाई. स्थळ एका बैठकीत ठरलं, जावई लातूरचे, हातातला चहा गार व्हायच्या आत सगळे हो म्हणून मोकळे. अन् ही एवढीशी डबी! तिच्यापायी नायगाव, नांदेड, लातूर सगळं एक झालं.

डबी कशाची, तर पत्त्यांची. तुम्हाला वाटंल, ही बाई चहापत्तीचं बोलून राहिली. न्हाई. आमचे हे, आनंदराज, बँडात क्लॅरोनेट वाजवतात. त्या क्लॅरोनेटच्या तोंडाला वेताची एक पातळ चिपाटी बांधलेली असती. तिला बँडवाले पत्ती म्हणतात, शिकलेले लोक रीड म्हणतात. आवाज सगळा तिचा. बाकी ते काळं लाकूड अन् चकचकीत चाव्या म्हणजे नुसता बडेजाव. पत्ती जिभेवर ओली करायची, बांधायची, मग फुंकायची. टोक इतकं नाजूक, की नखाचा धक्का लागला तरी कामातून गेली. पाकिटातल्या सगळ्याच काही चांगल्या निघत न्हाईत. एखादी लागती. ती लागली की माणूस तिला जिवापाड जपतो.

आमचे हे कुठं जपायचे? चंचीत! हो, पानतंबाखूच्या चंचीत. कापडी, कप्प्याकप्प्याची. एका कप्प्यात सुपारी, एकात तंबाखू, एकात चुन्याची डबी, अन् शेवटच्यात पत्त्या. मी किती डोकं फोडलं, तर म्हणायचे, "कापडाला हवा लागती, पत्ती उबत न्हाई." बरं, खरंच कधी उबली न्हाई. पण कंधारला एका वरातीत चुन्याची डबी आतल्या आत उघडली, अन् ह्यांनी नेमकी ती चुना लागलेली पत्ती जिभेवर धरली. नवरदेव घोड्यावर, बँड ऐन रंगात, अन् आमचे हे जीभ बाहेर काढून रसवंतीकडं पळून राहिले. दोन घास जेवता येईना मग आठवडाभर. तरी चंची सुटली न्हाई ती न्हाईच.

तंबाखूनं जे व्हायचं ते झालं. वरचे दात एकेक करून गेले. क्लॅरोनेट धरतात ते वरच्या दातांच्या टेकूवर, खालून ओठ लावून. टेकूच गेला म्हणल्यावर ह्यांनी क्लॅरोनेटची पेटी बंद केली अन् कपाटावर ठेवून दिली. "झालं आता," एवढंच म्हणले. बोलायला तोंड उघडायचं म्हणलं तरी पुढं हात धरायला लागले.

मी अंगणवाडीची सेविका. दिवसभर पोरांचा कालवा ऐकून घरी यावं, तर ह्यांचं पी-पी चालू. आधी मला ती डोकेदुखी वाटायची, खोटं कशाला बोलू? पण बंद झालं अन् मला घरात करमंना. भाकरी थापताना कान तिकडं लागायचे. टीव्ही लावून बघितला, मोबाईल लावून बघितला. पण नवऱ्याच्या वाजवण्याची सर त्याला कशी यावी? मला त्यांचं वाजवणं पाहिजे होतं.

अशात एक दिवस बाबासाहेबांच्या जयंतीच्या कमिटीचा भुजंग घरी आला. म्हणला, "काका, मिरवणुकीला डीजे ठरलाय. पण सकाळी चौकात वंदना सुरू व्हायच्या आधी तुमचंच क्लॅरोनेट पाहिजे. त्याच्याबगर आपल्याला जयंती वाटतच न्हाई." दरवर्षी तिथं हेच वाजवतात. वाजवणं झालं, की मग सगळे हात जोडून वंदना म्हणतात. ह्यांनी तोंडापुढं हात धरून "बघू" म्हणलं. भुजंग गेला तसे कॅलेंडरपाशी जाऊन उभे राहिले. एप्रिलचं पान वर करून बघत होते. मी म्हणलं, चला, जीव हाय अजून ह्याच्यात.

लगेच साक्षीला फोन लावला. साक्षी म्हणजे आमची पोरगी, लातूरला एका दवाखान्यात नर्स हाय. तिनं ओळखीच्या दाताच्या डॉक्टरकडं नेऊन वरची कवळी बसवून घेतली. आरशात बघून हे लाजले, देवाशप्पथ! लग्नात सुद्धा एवढे लाजले नव्हते. डॉक्टर म्हणला, "तंबाखू आता कायमची बंद." झालं, साक्षीला तेवढंच पाहिजे होतं. आमची लेक म्हणजे माझ्यापेक्षा काकणभर जास्तच. सकाळी खाली घंटागाडीचं गाणं वाजायला लागलं, तशी तिनं ह्यांच्या खिशातून चंची ओढली अन् गॅलरीतून नेम धरून गाडीत फेकली. हे गाडी वळंपर्यंत गॅलरीत उभे होते. एक शब्द बोलले न्हाईत. मला वाटलं, तंबाखूचं दुःख हाय, होईल दोन दिवसांत कमी.

आमच्या गावी नायगावला आलो, मी कपाटावरची पेटी खाली काढून पुसली. म्हणलं, "चला, होऊन जाऊ द्या."

"पत्त्या न्हाईत," हे म्हणले.

"न्हाईत म्हणजे? कुठं गेल्या?"

"लातूरला. फिरायला."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. मग मी कपाळावर हात मारला. सगळ्या पत्त्या, ती जपलेली, लागलेली पत्ती सुद्धा, घंटागाडीत! साक्षीला फोन केला तर ती ढसाढसा रडली. "आई, मला काय माहीत गं! पप्पांनी एक शब्द तरी बोलायचा! मी ऑनलाइन मागवते, रीडची वेगळी डबीच मिळती."

ह्यांनी लांबूनच हात हलवला. "ऑनलाइन नको. डबी हातात धरून बघितल्याबगर घेत नसतेत."

"बरं," मी म्हणलं, "हातात धरून बघा."

दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकली अन् ह्यांना घेऊन नांदेडची बस धरली. वाद्याच्या दुकानात पत्त्यांचं पाकीट मिळालं. पहिले हे काय करायचे, की दुकानाच्या पायरीवरच पाकीट फोडायचे अन् एकेक पत्ती जिभेवर धरून बघायचे, गुळाची चव बघितल्यावाणी. ह्या बारीला नुसत्या उजेडात धरून बघितल्या अन् ठेवून दिल्या. मला जरा खटकलं. पण मी डबीच्या नादात होते, तिथंच सोडून दिलं.

मग नांदेडच्या वजिराबाद बाजारात आमची वरात निघाली. भांड्याच्या दुकानात छान स्टीलची लांबट डबी दिसली. हे म्हणले, "हवा न्हाई. पत्ती उबंल, बुरशी येईल." बरोबर हाय म्हणलं. पुढं साबणाची डबी बघितली, खाली भोकं होती. "लई मोठी हाय. पत्ती आत फुटाण्यावाणी उडंल." हे बी बरोबर. चष्म्याची डबी बघितली. "ह्या मखमलीची लव ओल्या पत्तीला चिकटती, अन् वाजवताना घशात जाती." कंपास बघितला. "पत्रा हाय, गंजंल." शेवटी मला ब्रश ठेवायची प्लास्टिकची डबी दिसली. लांब, निमुळती, वर हवेची भोकं. मी तर खूश झाले! हे डबी कानापाशी हलवून म्हणले, "हिच्यात पत्ती उभी राहती. टोक आपटंल."

"मग आडवी ठेवा की डबी!"

"खिशात डबी आडवी कशी राहील?"

त्या दुकानातली बाई वैतागली. म्हणली, "काका, डबी घ्यायलेत का पोरगी बघायला आलेत?" हे तोंडावर हात ठेवून हसले. मला मात्र हसू येईना. उन्हानं जीव चाललेला, पाय दुखून राहिलेले, पिशवीत नुसत्या पत्त्या. गुरुद्वाऱ्याच्या बाजूला एक हॉटेल गाठलं, भजे खाल्ले अन् बसमध्ये बसलो. हे खिडकीतून बाहेर बघत निवांत बसले होते. बायको दिवसभर वणवण फिरली अन् डबी काही मिळाली न्हाई, तर माणसाचा चेहरा असा निवांत असतो का हो?

जयंती जवळ आली. पत्त्या पाकिटात, पाकीट पेटीत, पेटी पलंगाखाली. मी विचारलं की म्हणायचे, "डबी मिळू दे, मग बसवतो." तेवढ्यात साक्षी आली लातूरहून. बापाचं न ऐकता तिनं डबी मागवलीच होती. मांडीवर ठेवून उघडली अन् मी बघतच राहिले. काळी, चापट, तळहाताएवढी. आत गुळगुळीत काच. काचेवर एकेक पत्ती आडवी झोपवायची, वरून रबरी पट्टीनं दाबायची, म्हणजे वाकायची भीती न्हाई. झाकणाला हवेला बारीक भोकं. खास क्लॅरोनेटच्या पत्त्यांसाठीच केलेली. मी म्हणलं, माझ्या पोरांना अंगणवाडीत झोपायला एवढी सोय न्हाई.

साक्षीनं डबी ह्यांच्या हातात दिली. "पप्पा, माझं चुकलं. घ्या."

ह्यांनी डबी उघडली, मिटली, परत उघडली. बोटानं काच पुसली. आवडली होती, मला दिसत होतं. मग म्हणले, "चांगली हाय. पण काच हाय. पडली तर?"

"पडंल कशी, पप्पा?"

"मिरवणुकीत धक्काबुक्की असती."

"तवा डबी खिशात असंल की."

"खिशात मावणार न्हाई."

"मी खिसा मोठा करून देते," साक्षी म्हणली. रडवेली झाली होती.

"मोठ्या खिशात हलंल."

मग मात्र माझा बांध फुटला. मी म्हणलं, "बास! नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं, वाजवता येईना डबी वाकडी हे आज बघितलं! स्टीलची नको, प्लास्टिकची नको, काचेची नको. सोन्याची करून आणली तरी तुम्ही म्हणताल चोर नेईल. नांदेडात पत्ती जिभेला लावली न्हाई तुम्ही. मी आंधळी न्हाई! डबी नापसंत न्हाई तुम्हाला. भ्या वाटून राहिलंय. कशाचं भ्या हाय ते सांगा तरी!"

साक्षी माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, आता हे उठून बाहेर जाणार. पण बसून राहिले, डबी हातात धरून.

"कवळी बसवली त्याच रात्री लातूरला शिंक आली," हे हळू म्हणले, "तर दात हातात आले, सिंधू. तू झोपली होतीस. नुसत्या शिंकेनं. मग चौकात जोर लावून फुंकल्यावर काय होईल? सगळं गाव उभं असतंय. पोरं मोबाईल धरून शूटिंग काढतेत. वंदनेच्या आधी माझे दात बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढं पडले तर मी तोंड कुठं घेऊन जाऊ?" मग साक्षीकडं बघितलं. "चंची टाकलीस तवा मला बरंच वाटलं, बाई. म्हणलं, सुटलो. आता कुणी वाजव म्हणणार न्हाई."

कुणाला राग यावा असं ते बोललेच न्हाईत. मला लई वाईट वाटलं. माणूस आतल्या आत असा कुढत होता, अन् मी डब्या दाखवत फिरत होते.

"इथं चौक न्हाई," मी म्हणलं. "आम्ही दोघीच हाव. पत्ती बांधा."

मग बांधली त्यांनी. पत्ती जिभेवर धरली तवा डोळे मिटले होते. पहिली फुंकर मारली तर करडू ओरडल्यासारखा आवाज निघाला. दुसरी मारली तशी कवळी खटकन सुटली अन् क्लॅरोनेटच्या तोंडालाच लटकली. साक्षीला हसू आवरंना, मला बी आवरंना. पण ह्यांचा चेहरा बघितला अन् आम्ही दोघी गप्प झालो. हे कवळी परत बसवून, क्लॅरोनेट पुसून पेटीत ठेवायला निघाले.

मी पेटीवर हात ठेवला. "दात काढून वाजवून बघितलंत का कधी?"

"बोळक्यानं?"

"हाव, बोळक्यानं. माझ्या अंगणवाडीतली पोरं पुढचे दात पडले तरी शिट्ट्या वाजवून माझं डोकं उठवतेत. त्यांना कुठं कवळी हाय?"

मग ह्यांनी कवळी काढून ताटलीत ठेवली, आमच्याकडं पाठ केली अन् भिंतीकडं तोंड करून बसले. वरचा ओठ आत दुमडला, खालचाही दुमडला. बराच वेळ नुसती हवा निघत राहिली. मग एक सूर आला. त्याच्यामागं दुसरा आला. पहिल्यासारखा खणखणीत न्हाई, जरा मऊ, जरा दबका. पण सूर ह्यांचाच होता, मी झोपेतही ओळखला असता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, अन् मी ते पुसलं बी न्हाई. साक्षी माझ्या खांद्याला टेकून ऐकत होती.

वाजवून झालं तसं ह्यांनी पत्ती सोडली, शर्टाच्या टोकानं पुसली अन् साक्षीच्या डबीत काचेवर आडवी ठेवली. मग पाकिटातल्या बाकीच्या काढल्या. एकेक उजेडात बघितली, जिभेवर धरून बघितली. चांगल्या एका बाजूला, मध्यम दुसऱ्या बाजूला, अशा लावल्या अन् झाकण लावलं.

"मग डबी?" साक्षीनं विचारलं.

"राहू दे. बरी हाय."

आमच्या घरात "बरी हाय" म्हणजे लई झालं. साक्षी खुशीनं लातूरला गेली.

पण मामला अजून संपला नव्हता. हे रोज वाजवायला लागले, पण दार लावून, भिंतीकडं तोंड करून. मी म्हणलं, आता चौकात वाजवा. तर म्हणले, "घरात ठीक हाय. गावापुढं बोळकं तोंड करून मी उभा राहणार न्हाई. माझी काही इज्जत हाय का न्हाई? कवळी घालून जमलं तर जमलं. न्हाईतर भुजंगला तिथंच न्हाई म्हणून सांगतो." मी समजावलं, चिडले, रुसले, एक दिवस वरणात मीठ घातलं न्हाई. काही उपयोग झाला न्हाई. जयंतीच्या सकाळपर्यंत तेच चालू होतं.

त्या सकाळी सगळा चौक पांढऱ्या कपड्यांनी भरला होता. निळे झेंडे, पताका, फुलं. डीजेची गाडी बाजूला उभी होती, तिच्यावरची पोरं खाली उतरून थांबली होती. आम्ही बाया एका बाजूला, गडीमाणसं दुसऱ्या बाजूला. मी पुढच्या रांगेत होते. हे पांढरा शर्ट घालून, कवळी घालून, क्लॅरोनेट घेऊन मध्ये गेले. पुतळ्याला वाकून नमस्कार केला. भुजंगनं सगळ्यांना गप्प केलं.

ह्यांनी खिशातून डबी काढली. चांगल्या बाजूची पत्ती घेतली, जिभेवर ओली केली, बांधली. डबी परत खिशात घातली. क्लॅरोनेट तोंडाजवळ नेलं अन् थांबले. एवढी माणसं, अन् एक खोकला सुद्धा येईना. ह्यांनी क्लॅरोनेट खाली घेतलं, भुजंगकडं बघितलं. मी मनात म्हणलं, गेलं. आता हे न्हाई म्हणणार, घरी येणार, अन् पेटी कायमची कपाटावर जाणार.

पण हे भुजंगकडं गेलेच न्हाईत. वळले अन् सरळ बायांच्या बाजूला चालत आले. मला वाटलं, चक्कर आली का काय. लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्या माणसानं चारचौघांत कधी माझ्या हातात साधी पिशवी दिली न्हाई. बाजारात सुद्धा दोन पावलं पुढं चालणार. ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले. तोंडापुढं हात न धरता, सगळ्या गावादेखत, वरची कवळी काढली अन् माझ्या तळहातावर ठेवली.

"हिला डबी न्हाई घेतली आपण," बोळक्यानं म्हणले. "तुझ्यापाशी राहू दे."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. ह्यांनी ऐकलं, मी बी ऐकलं. हे तसेच मध्ये गेले, गावाकडं तोंड करून उभे राहिले, दोन्ही ओठ दुमडले अन् वाजवायला लागले. तोच मऊ सूर. मग हसणारं कुणी उरलं न्हाई. बाया पदर डोळ्याला लावायला लागल्या. डीजेवाली पोरं डोक्यावरच्या टोप्या काढून उभी होती. मी ह्यांच्या त्या बसक्या, बोळक्या तोंडाकडं बघत होते, अन् खरं सांगते, मला माझा नवरा एवढा देखणा कधीच दिसला नव्हता.

वाजवणं संपलं, वंदना सुरू झाली. सगळ्यांनी हात जोडले. माझ्या मुठीत ह्यांचे दात, अजून ओले, अजून कोमट. मूठ उघडावी तर पडतील. मी दुसरा हात त्या मुठीवर ठेवला, घट्ट धरला, अन् तसेच हात जोडून सगळ्यांबरोबर म्हणायला लागले.